महासंगणक, आभासी संगणक आणि दोषशोधनाची शिस्त

राष्ट्रीय महासंगणन अभियानास २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. त्याअंतर्गत उभारलेल्या 'परम शिवाय' या पहिल्या महासंगणकाचे लोकार्पण १९ फेब्रुवारी २०१९ रोजी वाराणसीच्या आयआयटी (बीएचयू) येथे झाले. पुण्याच्या सी-डॅकने उभारलेल्या या यंत्रणेवर सुमारे ३२.५ कोटी रुपये खर्च झाले. अशा भांडवली गुंतवणुकीचे फलित मात्र एका दुर्लक्षित बाबीवर अवलंबून असते. प्रयोगशाळेतील संगणकावर चालणारी आज्ञावली अन्यत्र चालत नसेल, तर संशोधकाचे श्रमदिवस केवळ मांडणीत खर्ची पडतात.

यावरील एक उपाय म्हणजे आभासी संगणक, अर्थात संगणकातच सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. २०१० मध्ये आलेल्या 'व्हेग्रंट'सारख्या साधनात त्याचे संपूर्ण वर्णन एका फाइलमध्ये लिहिले जाते आणि एका आदेशासरशी तो तयार होतो. ही स्वयंचलित मांडणी अडखळल्यास दोष खालच्या थरापासून वर शोधावा.

पहिला थर यंत्राचा. प्रोसेसरची आभासीकरण सुविधा बायोसमध्ये बंद असल्यास आभासी संगणक सहसा सुरूच होत नाही. दुसरा थर जाळ्याचा. अनेक शिक्षणसंस्थांत इंटरनेट प्रॉक्सीमार्फत मिळते. तिची नोंद मूळ संगणकावर असली तरी आभासी संगणकात ती स्वतंत्रपणे करावी लागते, अन्यथा आवश्यक सॉफ्टवेअर उतरत नाही. तिसरा थर आवृत्त्यांचा. 'नवीनतम आवृत्ती' असे मोघम लिहिल्यास आज यशस्वी झालेली मांडणी सहा महिन्यांनी फसू शकते. म्हणून आवृत्तीचा नेमका क्रमांक नोंदवावा. शेवटचा थर आदेशांचा. अर्ध्यावर थांबलेला आदेशसंच पुन्हा चालविला असता तो बाधारहित पूर्ण व्हावा, अशीच त्याची रचना हवी. पडद्यावरील शेवटच्या नव्हे, तर पहिल्या त्रुटिसंदेशापासून तपास सुरू करावा. दुरुस्तीनंतर आभासी संगणक मोडून नव्याने उभारावा. तो पुन्हा उभा राहिला तरच दुरुस्ती खरी.

सामायिक महासंगणकावर वापरकर्त्यास प्रशासकीय अधिकार नसतात. त्यामुळे आपला आभासी संगणक तेथे जसाच्या तसा नेता येत नाही. तथापि, आवृत्त्यांची लेखी नोंद असल्यास तेथील उपलब्ध सॉफ्टवेअरमधून अनुरूप परिसर जुळविता येतो. ही नोंद एखाद्या कुशल विद्यार्थ्याच्या स्मरणात राहिली, तर त्याच्याबरोबरच ती संस्थेबाहेर जाते. लिहून ठेवल्यास ती संस्थेची मालमत्ता होते. यंत्रखरेदीच्या तुलनेत या कामास खर्च नगण्य, परंतु त्याविना यंत्राची क्षमता वापराविना पडून राहते.