जुन्या माळवदी घराची दुरुस्ती : इर्जिकीचा एक अनुभव

मराठवाड्याच्या दक्षिण भागात आणि सोलापूरच्या पट्ट्यात हिंडणाऱ्यास गावोगाव जाड दगडी भिंतींची आणि मातीच्या सपाट छपरांची घरे दिसतात. ह्या छपराला माळवद म्हणतात. पाऊस बेताचा, उन्हाळा कडक, दगड आणि माती मात्र मुबलक, अशा प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ही घरे घडत गेली. बाहेर रान करपत असताना माजघरात गारवा असतो. तो ज्याने अनुभवला त्याला पत्र्याखाली दुपार काढणे जड जाते. तथापि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ह्याच घरांनी घात केला. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली गाडली गेली. तेव्हापासून माळवद हा शब्द ह्या भागात भीतीशी जोडला गेला आहे.

माझ्या एका शिक्षक मित्राचे वडिलोपार्जित घर धाराशिव जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील, अशाच एका खेड्यात आहे. ढेलज, ओसरी, माजघर आणि मागे बळदाची खोली. भूकंपात घर उभे राहिले, पण मित्राच्या आईने त्या रात्रीनंतर माळवदाखाली पाठ टेकलेली नाही. प्रथम अंगणात आणि नंतर ओसरीच्या कडेला, पत्र्याच्या पडवीत, त्यांची बाज पडते. घर पाडून स्लॅबचे बांधावे, की आहे तेच नीट करावे, हा प्रश्न त्या कुटुंबात अनेक वर्षे घोळत होता. स्लॅबचा खर्च परवडणारा नव्हता आणि खांब-तुळयांचे सागवान कवडीमोलाने विकण्यास मन धजत नव्हते. शेवटी दुरुस्तीचे ठरले. मजुरी जितकी वाचेल तितकी वाचवावी म्हणून मित्राने गावात इर्जिक घातली आणि आम्हां शहरातल्या दहा-बारा जणांनाही निरोप धाडला.

इर्जिक ही शेतकऱ्यांची जुनी रीत. एखाद्याचे काम अडले की गावकऱ्यांनी मिळून ते उरकून द्यावे आणि त्याने सर्वांना जेवू घालावे. मजुरी द्यायची नाही आणि घ्यायचीही नाही. नांगरटीसाठी आणि पेरणीसाठी चालणारी ही रीत घराच्या कामालाही लागू पडते. पुढे २०००-०१ पासून सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावोगाव श्रमदान झाले, त्याचे मूळही ह्याच सवयीत शोधता येईल. तथापि रस्ता झाडणे आणि घर उघडणे ह्यांत मोठा फरक आहे, हे आम्हांस चौथ्या दिवशी समजले. ते पुढे सांगतो.

ओझे किती, हे आधी पाहावे

माळवद गळू लागले की वर आणखी माती टाकायची, असा जुना प्रघात. ही माती गावठाणाच्या जुन्या टेकाडातली, म्हणजे पांढरी. वर्षानुवर्षे थर चढत जातो आणि कोणी मोजत नाही. मित्राच्या माजघरावर आम्ही मापून पाहिले, तेव्हा थर दीड फूट भरला. दालन दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब. म्हणजे माती १८० घनफूट. एका घनफुटास ४५ किलो धरले तरी एकट्या त्या दालनाच्या डोक्यावर आठ हजार किलोंहून अधिक भार होता, आणि तोही कोरड्या मातीचा. पावसात भिजली की तो आणखी वाढतो. ज्याने हा हिशेब एकदा मांडला, तो पुन्हा वर माती टाकणार नाही.

भूकंपानंतर अशा घरांच्या बळकटीकरणासाठी जे मार्गदर्शन करण्यात आले, त्यातील पहिला मुद्दा हाच होता : थर सुमारे आठ इंचांवर आणावा. आमच्या माजघरात त्यायोगे शंभर घनफूट, म्हणजे साडेचार हजार किलो माती खाली येणार होती. स्वयंसेवकांनी करावे असे काम खरोखर हेच. त्यास कौशल्य कमी आणि हात पुष्कळ लागतात.

मात्र तेथेही क्रम आहे. आमचे गवंडी सत्तरीला टेकलेले गृहस्थ. सारे गाव त्यांना मामा म्हणते. त्यांनी प्रथम प्रत्येक तुळईखाली बल्ल्यांचे टेकू लावून घेतले आणि मगच माणसे वर चढू दिली, तीही एका वेळी आठच. माती एका कोपऱ्यात खोल न खणता सगळ्या माळवदावरून चार-चार बोटांनी उतरवायची, म्हणजे भार एका अंगाला झुकत नाही. कुदळ वर न्यायची नाही, फावडेच. काढलेली माती कडेला साठवायची नाही आणि भिंतीलगतही टाकायची नाही. घमेल्यांची साखळी करून ती थेट अंगणाबाहेर जाते. नाकाला उपरणे बांधावे आणि जुन्या भिंतीच्या फटीत हात घालण्यापूर्वी काठी घालावी. पहिल्याच दिवशी तीन विंचू निघाले.

चौथ्या दिवसाची चूक

तीन दिवसांत माती उतरली आणि आमचा हुरूप वाढला. घराच्या पश्चिमेकडील भिंतीस काही वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला होता. दिसावयास तो ठाकठीक होता, परंतु आतून भिंतीला पोट आले होते. ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. दगड मातीच्या गाऱ्यात बसवलेले असतात. जमिनीतील ओल ह्या गाऱ्यातून वर चढते आणि मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून हवेत निघून जाते. सिमेंटचा कडक थर ही वाट बुजवतो, ओल आतच मुरते, गारा मऊ पडतो आणि दगड एकमेकांना धरीनासे होतात. म्हणजे चांगल्या हेतूने आणि पदरचे पैसे खर्चून केलेली दुरुस्ती हीच भिंतीला पडलेली कीड.

गिलावा काढायचा हे ठरलेले होते. मामा त्या दिवशी परगावी लग्नाला गेले होते. त्यांनी जाताना सांगितले होते, "दिवसाकाठी चार हात उघडा, त्यापुढं नको. उघडलं तेवढं संध्याकाळी झाकायचं." आम्ही शहरातले लोक. दुपारपर्यंत चार हात उरकले, मग आठ, आणि तिन्हीसांजेला वीस फुटांची सबंध भिंत उघडी पडली. फोडण्याचे काम किती सोपे आणि किती सुखाचे असते! रात्री अवकाळी पाऊस आला. पहाटे कोपऱ्याचा सहा फूट भाग, बाहेरचा थर, ढासळून अंगणात पडला. टेकू होते म्हणून तुळई जागची हलली नाही. त्या कोपऱ्याच्या पलीकडे दहा हातांवर आईंची बाज होती.

त्या उठून बसल्या, ढिगाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "लेकरांनो, च्या घ्या आधी." आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून शब्द फुटेना. मामा परतल्यावर रागावतील असे वाटले होते. त्यांनी पडलेल्या कोपऱ्यात हात घालून आतली माती चोळून पाहिली आणि ती ओलीगच्च असल्याचे आम्हांला दाखवले. पुढे कामाचा नियम एकच राहिला : सकाळी मामा खडूने खूण करतील तेवढेच उघडायचे.

गवंड्याचे काम गवंड्यास

पडलेल्या कोपऱ्यामुळे भिंतीचे अंतरंग दिसले, हा त्यातल्या त्यात लाभ. आत एक थर, बाहेर एक थर आणि मध्ये कपच्या व माती. दोन्ही थरांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड कोठेच नव्हता. १९९३ मध्ये असंख्य भिंती ह्याच कारणाने दुभंगल्या; कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती मात्र कोसळल्या. कोपरा नव्याने रचताना मामांनी दर दोन फूट उंचीवर, आडव्या अंतरात चार फुटांच्या आत, आरपार लांब दगड घातले. जुन्या भिंतीत मात्र एकेक भोक आरपार पाडून, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरावे लागते. एक भोक भरून पक्के झाल्यावाचून शेजारचे पाडावयाचे नाही. हे काम हौशी हातांचे नव्हे. खांब आणि तुळई ह्यांच्या सांध्यात तिरपे लाकडी आधार ठोकण्याचे कामही सुताराकडेच दिले. बळकटीकरणापूर्वी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातील अभियंत्यास घर दाखवावे हे इष्ट. आम्ही ते उशिरा, म्हणजे भिंत पडल्यावर केले.

चुना विरवण्यापासूनही आम्हांला दूर ठेवण्यात आले आणि ते योग्यच होते. कळीचा चुना पाण्यात पडताच उकळतो. त्याचा एक थेंब डोळ्यास कायमची इजा करू शकतो. उलट मातीचा गारा तुडवणे हे सर्वांचे काम. माती, भुसा आणि शेण भिजत घालून चार दिवस मुरवायचे, रोज तुडवायचे. ह्या कामी गावातल्या स्त्रियांनी आम्हांस अक्षरशः शिकवले. गिलाव्यात भुसा कमी पडला की भेगा पडतात, हे त्यांना बोटांनी कळते. पन्हळीकडे माळवदाचा उतार किती असावा हेही एका आजींनी तांब्याभर पाणी ओतून ठरवले. फळ्यांवर प्लास्टिकचा जाड कागद अंथरून त्यावर आठ इंच माती, हे मृगापूर्वी झाले.

शहरातून आलेल्या मित्रांपैकी शेवटपर्यंत पाच राहिले. बाकीच्यांना दोष देता येत नाही. रजा संपते, हाताला फोड येतात. इर्जिक घालणाऱ्याने मात्र पहिल्या दिवशीच्या संख्येवर कामाचा अंदाज बांधू नये. जेवणाचा खर्चही हिशेबात धरावा. मित्राचा अर्धा पोते गहू आणि त्याहून अधिक ज्वारी ह्या कामी गेली, पण मजुरीच्या मानाने ती किरकोळच.

उतरवलेली माती गावकऱ्यांनी गाड्या भरून शेतात नेली. पांढरी ही पिकाला खतासारखी लागते. बळदाच्या खोलीवरचे ओझे अजून तसेच आहे, ते दिवाळीनंतर काढायचे आहे. मामांनी तोवर त्या खोलीला कुलूप लावायला सांगितले आहे. पहिला पाऊस झाला तेव्हा मित्राचे पत्र आले. माजघर गळले नाही. आई दुपारी तेथे धान्य निवडत बसतात. बाज अजून पडवीतच आहे.