चिबड बांधीत चाऱ्याचे गवत

नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडच्या अनेक गावांत तलावाच्या पाळीखाली एखाददुसरी बांधी अशी असते की दिवाळी उलटली तरी पाय घोट्यापर्यंत रुततो. पाळीतून पाझर येत राहतो, खाली जड कन्हार माती, पाण्याला निघायला वाट नाही. तिथला धान पिवळा पडतो आणि बियाण्याचा खर्चही निघत नाही. तरी दरवर्षी रोवणी होते, कारण जमीन पडीक ठेवली तर लोक काय म्हणतील! अशा तुकड्यावर चाऱ्याचे गवत कसे बसवावे हा या अंकाचा पाठ आहे. गटाच्या बैठकीत वाचून दाखवावा. जमल्यास त्या बांधीच्या धुऱ्यावर बसूनच वाचावा.

हा विषय निवडायला कारण आहे. आपल्याकडे गुरे चारायला जंगलात जातात, आणि ब्रह्मपुरी वनविभागात वाघ आता गावाच्या शिवारापर्यंत आहे. घोडाझरीला 2018 मध्ये अभयारण्य जाहीर झाले, पण वाघाला त्याची सीमा कोण दाखवणार? गुराखी गमावलेली घरे आपल्या ओळखीची आहेत. घरामागे हिरवा चारा असला म्हणून वाघ जाणार नाही. मात्र आठवड्यातल्या दोन-तीन फेऱ्या वाचल्या, तरी ज्याला रोज काठी घेऊन निघावे लागते त्याच्यासाठी ते थोडे नाही.

आधी माती समजून घेऊ. मुळांनाही हवा लागते. धानाच्या खोडात हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून तो उभ्या पाण्यात तगतो. मग इथे तो पिवळा का पडतो? जी माती वर्षभर सुकतच नाही, तिच्यातले लोह विरघळून मुळांना बाधते आणि जस्त पिकाला मिळेनासे होते. साचलेल्या पाण्यावर तेलासारखा तांबूस तवंग दिसतो ना, तो काडीने हलवून पाहा. तुकडे होऊन फुटला तर तो लोहाचा. तेलाचा तवंग पुन्हा जुळतो. पेरणाऱ्याच्या दाखल्यात वाट आहे, खडक आहे, काटेरी झुडपे आहेत, पण चिखल नाही. झाडीपट्टीत सांगितला असता तर चिखलही आला असता!

म्हणून पहिले काम पाण्याचे. पाझर बांधीत शिरतो त्या बाजूने हातभर खोल चर काढून तो नाल्याला जोडावा. चर पाळीच्या पायथ्याला लागून खोदू नये, पाळ कमकुवत होते. पाणी शेजाऱ्याच्या बांधीतही सोडू नये. त्याने चारा मिळेल की नाही ठाऊक नाही, भांडण मात्र नक्की मिळेल. ओल्या मातीत ट्रॅक्टर घालणे टाळा. माती दबून तळाशी आणखी घट्ट थर बसतो.

चर काढूनही जिथे पाणी राहते तिथे पॅरा गवत चालते. नेपियर अशा जागी लावू नका, साचलेल्या पाण्यात ते कुजते. पॅराचे बी फार कमी उगवते, म्हणून खोडाचे तुकडे लावतात. दोन-तीन पेऱ्यांचा तुकडा घ्यावा, दोन पेरी चिखलात तिरपी दाबावी, एक वर ठेवावे. दोन ओळींत दीड-दोन फूट अंतर पुरे. पऱ्हे टाकल्यानंतर आणि रोवणीच्या आधी, म्हणजे हात थोडे मोकळे असतात तेव्हा, हे काम उरकावे. नवे फुटवे पाण्याखाली बुडणार नाहीत एवढे पाहावे. पहिली कापणी साधारण अडीच महिन्यांनी आणि पुढे ओल असेपर्यंत दीड महिन्याच्या अंतराने होते. कापताना चार-पाच बोटे खुंट ठेवावा. ठोंब कुठे मिळतील याची चौकशी सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात करावी. आधी दोन-तीन गुंठेच लावून पाहा.

धुऱ्यावर, जिथे पाणी उभे राहत नाही, तिथे मारवेल बरे. आणि आपल्या बांधीत आपोआप काय उगवते, गुरे त्यातले काय आवडीने खातात, हेही पाहत राहावे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये पटेल-3 धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्या निराळ्या पेरत गेले, आणि त्यातून एचएमटी धान आला. धान हेही एक गवतच आहे.

आता जपायची गोष्ट. पॅरा पसरते. पेऱ्यापेऱ्याला मूळ धरून ते पाटात, बोडीत, तलावात शिरते. तलावाच्या पोटात किंवा वाहत्या पाण्याच्या काठी ते मुळीच लावू नये. तिथे ढिवर बांधवांची मासोळी असते. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात 1982 मध्ये चराई बंद झाली, तेव्हा पाण्यातले गवत एवढे माजले की पाणपक्ष्यांनाच जागा उरेना. याउलट, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर यांच्या संस्थेबरोबर ढिवर स्त्री-पुरुषांनी तलावातली बेशरम उपटली, तळ नांगरला आणि तिथल्याच पाणवनस्पती पुन्हा लावल्या, मासोळीसाठी. तलावात तलावाचेच लावावे, पॅरा आपल्या बांधीत आणि चौफेर चराच्या आत ठेवावे. चराबाहेर आलेली धांडी दर पंधरवड्याला उपटून उन्हात वाळवावी.

पाणथळ गवतावर गोगलगायींमुळे यकृतातल्या चपट्या कृमींची बाधा होते. म्हणून गुरे त्या बांधीत सोडू नयेत. गवत पाण्याच्या वरून कापावे, उन्हात सुकवावे आणि तणसात मिसळून घालावे. जनावर खंगत असेल, जबड्याखाली सूज दिसत असेल, तर पशुवैद्यकाला दाखवावे.

सर्वांत अवघड भाग मात्र शेतीचा नाही. धान निघाला की गावची गुरे मोकळी सुटतात, आणि तेव्हा एकट्या हिरव्या तुकड्याला काट्याचे कुंपण आठ दिवस टिकत नाही. लावणीआधीच गावाच्या बैठकीत विषय मांडावा, आणि गुराख्याला त्या बैठकीत बसवावे. शेजारपाजारच्या तीन-चार बांध्या चिबड असतील तर सगळ्यांनी मिळून एकच कुंपण घालावे, आणि पहिल्या कापणीचा एक भारा गुराख्याच्या घरी द्यावा.