लेण्याद्रीची सहल : पूर्वतयारीचा एक पाठ

जुन्नरच्या उत्तरेस, कुकडी नदीच्या पलीकडे लेण्याद्रीचा डोंगर आहे. अष्टविनायकांपैकी डोंगरातील लेण्यात वसलेले स्थान हे एकच. त्यामुळे जिल्ह्यातील पुष्कळ शाळांच्या सहली तेथे जातात. निघण्यापूर्वी गुरुजी मुलांस गिरिजेच्या तपाची कथा सांगतात, व ते योग्यच आहे. परंतु या डोंगरावर देवाखेरीज इतरही रहिवासी आहेत. त्यांची ओळख करून देण्याचे बहुधा राहून जाते.

गिरिजात्मजाचे मंदिर ज्या सातव्या लेण्यात आहे, ते मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार होय. ही लेणी इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत कोरली गेली. मंडपात एकही खांब नाही. भोवती भिक्षूंच्या वीस खोल्या आहेत. (एवढे छत कशाच्या आधाराने राहिले, हे मुलांस विचारावे, उत्तर सांगण्याची घाई करू नये.) वर्षावासासाठी भिक्षूंनी जी जागा हेरली, पाऊस न पोहोचणारी व श्वापदांस दुर्गम, तशीच जागा आग्या माशीलाही लागते.

पेटीत पाळतात ती सातेरी माशी अंधाऱ्या पोकळीत अनेक पोळी शेजारी शेजारी बांधते. आग्या माशी मात्र एकच मोठे पोळे कड्याखाली उघड्यावर टांगते. त्यावर माश्यांचाच दाट पडदा असतो. गांधीलमाशी जवळ आली की त्या एकामागून एक पोट उचलतात आणि पोळ्यावरून लाट धावल्यासारखी दिसते. हा देखावा मुलांस दुरून अवश्य दाखवावा. माशीने दंश केला की काटा कातडीत रुततो व त्याबरोबर पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. तो वास इतर माश्यांस हल्ल्याची सूचना देतो.

एका वर्षी माझ्या वर्गातील एका मुलाने कड्यावरील माकडास दगड मारला, तो पोळ्याजवळ लागला. सात मुलांस दंश झाले. एकास रुग्णालयात ठेवावे लागले. दोष त्या मुलाचा नव्हता. चढण्यापूर्वी वर पाहावयास मी कोणासच सांगितले नव्हते.

तेव्हापासून पायथ्याशीच मुलांस बसवून मी काही गोष्टी सांगतो. दगड, फटाके, धूर व आरडाओरड वर्ज्य. अत्तर लावू नये. माश्या उठल्याच तर हात झाडू नयेत. डोके व तोंड कपड्याने झाकून शक्य तितक्या लवकर दूर जावे. पाण्यात उडी घेऊ नये, कारण माश्या वर घोंगावत राहतात. काटा तत्काळ काढावा. दंश अनेक असल्यास, किंवा श्वासास त्रास होऊ लागल्यास, क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. माकडांविषयी थोडेच सांगावे लागते : शिदोरी पिशवीतच ठेवावी आणि त्यांस काहीही खाऊ घालू नये. यात मुलांपेक्षा मोठ्या माणसांसच आवरणे कठीण जाते!

उतरल्यावर प्रत्येकाने वहीत कड्याचे चित्र काढून पोळ्यांच्या जागा दाखवाव्यात. आग्या माश्या ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करतात आणि पुष्कळदा जुन्याच जागी परततात. ती चित्रे शाळेत जपून ठेवून पुढील वर्षीच्या वर्गास द्यावीत, आणि कोणती पोळी परत आली ते त्यांनी पडताळावे.