नावाचा देवदार आणि गाभ्याचा देवदार

उज्जयिनीचा देवदाराशी संबंध प्रथम जुळतो तो काव्यात. ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात कालिदासाने शंकराने पुत्रवत् मानलेला देवदार वर्णिला आहे, रानहत्तीने गंडस्थळ घासून त्याची साल सोलली म्हणून पार्वतीस शोक होतो. हा वृक्ष हिमालयातला. माळव्यात तो येतो तो फळ्यांच्या रूपाने. घराच्या किंवा पेढीच्या दर्शनी भिंतीवर बाहेरून फळ्या बसवावयाच्या झाल्या, की ग्राहक त्याचे नाव घेतो.

या नावातच पहिला घोटाळा आहे. आपण ज्यांस ‘देवदारी खोकी’ म्हणतो, ती बहुधा चिडाची किंवा तत्सम हलक्या लाकडाची असतात. पावसात ती टिकावयाची नाहीत. कॅनडातून येणारा ‘तांबडा सीडर’ टिकाऊ असला तरी देवदाराच्या जातीचा नव्हे. एका नावाने दुसरी वस्तू देणे हा आपल्या शास्त्रात ‘प्रतिरूपक व्यवहार’ होय. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत त्याची गणना आहे. लाकडाच्या वखारीत तो अजाणताही घडतो, म्हणून पावतीवर लाकडाची जात आणि प्रदेश लिहावा, हे बरे.

जात खरी असली तरी काम संपत नाही. देवदाराचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात आहे. गाभ्यातील सुवासिक तेलामुळे वाळवी व बुरशी त्यापासून दूर राहतात. मनालीचे हिडिंबा मंदिर १५५३ मधील. त्याचे देवदारी लाकूडकाम शतकानुशतके हिमवर्षाव सोसत आले आहे. परंतु त्याच ओंडक्याचा सालीलगतचा पांढरा भाग लवकर कुजतो. फळीची एक कड पिवळसर तपकिरी व दुसरी पांढरी असेल, तर पांढरी कड प्रथम जाणार, हे धरून चालावे. विषारी औषधे चोपडून ती वाचविता येते. पण मुळातच वाळवी न लागणारे लाकूड मिळत असता जीवहिंसेचा तो मार्ग कशास पत्करावा?

परीक्षा सोपी आहे. टोक ताजे कापवून वास घ्यावा: देवदाराचा गंध तेलकट व सुगंधी, चिडाचा टर्पेंटाइनसारखा. वजनही पाहावे. वाळलेल्या देवदाराचा एक घनमीटर सुमारे ५५० किलो भरतो, तांबडा सीडर ३७०च्या आसपास, सागवान ६५०च्या आसपास.

माझे मत विचाराल तर, पश्चिमेच्या उघड्या भिंतीस सागवानच घ्यावे. उज्जैनच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लगेच पावसाळा येतो. आकुंचन-प्रसरणाचा हा ताण सागवान अधिक सोसते, शिवाय ते मध्य प्रदेशच्याच जंगलांतून मिळते. छज्जाखालच्या भिंतीस देवदार उत्तम.

लाकूड कोणतेही असो, आर्द्रता सुमारे १२ टक्क्यांवर आल्यावाचून ते बसवू नये. फळ्या थेट भिंतीस न ठोकता मागे पट्ट्या देऊन हवेस वाट ठेवावी. खालची कड जमिनीपासून वीतभर तरी वर असावी. टोके तेलाने किंवा रंगाने बंद करावीत, कारण पाणी तेथूनच शिरते. साधे लोखंडी खिळे गंजून काळे ओघळ सोडतात. पितळी किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे वापरावेत. देवदारावर तैलरंगाचा जाड थर मात्र देऊ नये. आतील तेल वर येऊन त्याचे पोपडे सुटतात.