रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यानंतर



मागच्या रक्तदान शिबिराच्या वेळी रांगेत एकजण म्हणाला, "रक्त दिलं आणि एड्स निघाला तर?" दुसरा म्हणाला, "तो तसल्या पोरांना होतो." सगळे हसले. मीही हसलो. रात्री वाटलं, त्या रांगेत एखादा समलिंगी मुलगा असेल तर तो आपल्याकडून काय शिकला? फक्त गप्प राहायला. आमच्या शाळेत प्रजननाचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडला होता. तो आता वाचतोय असं समजा.

रक्तदानावरूनच गोव्याच्या डॉमनिक डिसूझाची गोष्ट आठवते. तो समलिंगी होता आणि नेहमी रक्त द्यायचा. त्यातच त्याचा एचआयव्ही कळला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला नेलं आणि जुन्या टीबी सॅनिटोरियममध्ये ६४ दिवस एकटं कोंडलं. त्याच्या आईने हायकोर्टात दाद मागितली. १९९२ मध्ये तो वारला. माणूस कोंडला म्हणून विषाणू काही थांबला नाही.

मग विषाणू कशाने थांबतो? रिपोर्टनंतर माणसाच्या हातात काय काय असतं, ते क्रमाने पाहू.

१) औषध : २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत औषध मोफत मिळायला लागलं. २०१७ पासून रिपोर्ट आला की लगेच उपचार, असं धोरण आहे. गोळी रोज घ्यायची, खाडा करायचा नाही. साधारण सहा महिन्यांत रक्तातले विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत. यालाच व्हायरल लोड दबला म्हणतात.

२) व्हायरल लोड दबला की शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही : युरोपातल्या पार्टनर-२ या अभ्यासात ७८२ समलिंगी जोडपी होती. एकजण पॉझिटिव्ह, औषध चालू, दुसरा निगेटिव्ह. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले, पण जोडीदाराकडून जोडीदाराला एकही संसर्ग झाला नाही (लॅन्सेट, २०१९). मात्र १५ जणांना बाहेरच्या संबंधातून झाला. म्हणजे ही खात्री त्या एका जोडीदारापुरतीच. आणि गोळ्या सोडल्या की लोड परत चढतो.

३) कंडोम : लोड दबेपर्यंत हवाच. नंतरही सिफिलिस, गनोरिया गोळीने थांबत नाहीत. गुदमार्गाची त्वचा नाजूक असते, म्हणून पाण्यावर आधारित वंगण वापरावं. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनने लॅटेक्सचा कंडोम फाटतो.

४) जोडीदार : त्याचीही तपासणी करावी. कंडोम फाटला आणि लोड दबलेला नसेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जायचं, २८ दिवसांचा कोर्स असतो. जितकं लवकर तितकं बरं. संसर्ग होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं प्रेप नावाचं औषधही डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळतं.

५) सांगणं : हे सगळ्यात अवघड. पण जोडीदाराला माहीत असेल तर दोघं मिळून ठरवता येतं. समुपदेशक यात मदत करतात.

कायदाही आता बाजूने आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून बाहेर काढलं. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. त्याने शिक्षण, नोकरी, राहण्याची जागा यांत भेदभाव करायला मनाई केली आणि गुप्ततेचा हक्क दिला. तसंच संसर्ग पसरू नये याची काळजी घेणं हे पॉझिटिव्ह व्यक्तीचं कर्तव्य मानलं.

शेवटी, दार लावून हे वाचणाऱ्या मित्रा, परभणीच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी मोफत होते. आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ हा टोल-फ्री नंबर आहे. आणि पुढच्या शिबिरात कोणी तसला जोक मारला, तर निदान मी तरी हसणार नाही.