‘शब्द’ आणि ‘देह’ : ख्रिस्ती श्रद्धेतील देहधारणा व कुरआनची शिकवण

डिसेंबर महिना आला की अनेक शाळांमध्ये नाताळचा देखावा मांडला जातो. गोठा, गव्हाण, त्यात बालक आणि शेजारी माता. घरी आल्यावर मूल विचारते, “अम्मी, अल्लाहला मुलगा आहे असे हे लोक का म्हणतात?” आपण घाईने उत्तर देतो, “तौबा, असे बोलू नये.” मूल गप्प बसते, परंतु त्याचा प्रश्न तसाच राहतो. उद्या एखादा ख्रिस्ती मित्र त्याला आपली श्रद्धा समजावून सांगेल, तेव्हा घरी ऐकलेले आणि मित्राने सांगितलेले यांत मेळ बसला नाही, तर आपले खरे म्हणणेही त्याला संशयास्पद वाटू लागेल.

वाचकहो, कोणाच्या वैरापोटीसुद्धा न्याय सोडू नका, अशी आज्ञा पवित्र कुरआनने दिली आहे (५:८). दुसऱ्याची श्रद्धा सांगणे ही एक प्रकारची साक्षच होय. म्हणून ख्रिस्ती बांधव काय मानतात हे प्रथम त्यांच्या दृष्टीने नीट जाणून घ्यावे आणि त्यानंतर आपले मतभेद मांडावेत.

देहधारणा म्हणजे काय?

या श्रद्धेचा मुख्य आधार योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहे. तेथे आरंभापासून ईश्वरासमवेत असलेल्या ‘शब्दा’चे वर्णन येते आणि चौदाव्या वचनात तो शब्द मानवी देहात आल्याचे सांगितले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘लोगोस’ असा असून वचन, बुद्धी, विवेक असे त्याचे अर्थ होतात. ईश्वराचे हे अनादी वचन हजरत मरियम (अ.) यांच्या उदरी मनुष्य झाले, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे.

याबाबत तीन गैरसमज टाळले पाहिजेत. पहिला असा की, ईश्वराला पत्नी होती व तिच्यापासून पुत्र झाला, असे चर्चची शिकवण म्हणत नाही. ‘पुत्र’ हा शब्द तेथे शारीरिक अर्थाने वापरलेला नाही. त्रैक्यात पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचा समावेश होतो, मरियम यांचा नाही. दुसरा असा की, एक मनुष्य आपल्या पुण्याईने ईश्वरपदाला पोहोचला, असेही ते मानत नाहीत. त्यांच्या मते मनुष्य वर चढला नाही, तर ईश्वर खाली आला. तिसरा गैरसमज अवतारकल्पनेचा. हिंदू परंपरेत अवतार अनेक मानले जातात. ख्रिस्ती देहधारणा मात्र इतिहासात एकदाच घडलेली आणि भूक, तहान, यातना व मृत्यू यांसह खरीखुरी मानली जाते.

ही मांडणी वादविवादातून घडत गेली. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस ‘पुत्र’ हा निर्मिलेला आहे, अनादी नाही, असे म्हणत असे. इ. स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेने त्याचे मत नाकारले. पुढे ४५१ मध्ये चाल्सेडनच्या परिषदेने ठरविले की, येशूच्या एकाच व्यक्तीत पूर्ण ईश्वरत्व व पूर्ण मनुष्यत्व असून त्यांची सरमिसळही नाही आणि फारकतही नाही. ही दोन्ही ठिकाणे आजच्या तुर्कस्तानात आहेत. इजिप्तच्या कॉप्टिक व आर्मेनियाच्या चर्चने ४५१ ची ही मांडणी स्वीकारली नाही. आपल्या मराठीलाही हा विषय नवा नाही. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ मध्येच छापले गेले.

ही श्रद्धा त्यांना प्रिय का?

मनुष्य पापात अडकला, स्वतःच्या बळावर तो ईश्वरापर्यंत पोहोचू शकत नव्हता, म्हणून ईश्वरच प्रेमापोटी त्याच्याकडे आला, असे ख्रिस्ती मन मानते. दुःखात सापडलेल्या ख्रिस्ती मातेला, आपला प्रभू आपल्यासारखाच रडला व सोसला, या विचाराने धीर मिळतो. या श्रद्धेच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत. ईश्वर माणसाच्या जवळ कसा येतो? आणि पापातून सुटका कशी होते? हे प्रश्न प्रत्येक माणसाचे आहेत.

कुरआनचे उत्तर

कुरआननेही हजरत ईसा (अ.) यांना अल्लाहचे ‘वचन’ आणि त्याच्याकडील ‘रूह’ म्हटले आहे, मात्र त्याच आयतीत त्यांना प्रेषित म्हणून, ‘तीन’ म्हणण्यास मनाई केली आहे (४:१७१). ‘वचन’ या शब्दाचा भाष्यकारांनी केलेला एक प्रमुख अर्थ असा की, पित्याविना त्यांचा जन्म अल्लाहच्या ‘कुन’ म्हणजे ‘हो’ या आज्ञेने झाला. म्हणूनच त्यांची तुलना हजरत आदम (अ.) यांच्याशी केली आहे, त्यांना तर पिताही नव्हता आणि माताही नव्हती (३:५९). शिवाय माता व पुत्र दोघेही अन्न खात असत, याकडे कुरआन लक्ष वेधतो (५:७५). ज्याला अन्नाची गरज भासते तो परावलंबी असतो. अल्लाह तर ‘समद’, म्हणजे कोणावरही अवलंबून नसलेला आणि सर्वांचा आधार आहे. भूक ही येशूच्या मनुष्यत्वाची होती, असे ख्रिस्ती विद्वान यावर सांगतात. आपला प्रश्न असा की, व्यक्ती जर एकच, तर भुकेला तो कोण होता?

आता ते दोन प्रश्न पाहू. जवळिकीसाठी अल्लाहला देह धारण करण्याची आवश्यकता नाही. तो माणसाच्या मानेतील शिरेहूनही निकट आहे (५०:१६) आणि हाक मारणाऱ्याची हाक ऐकतो (२:१८६). रात्रीच्या अंधारात सज्द्यात रडणाऱ्या मातेचे अश्रू जाणण्यासाठी त्याला स्वतः रडावे लागत नाही. पापाविषयी पाहिले तर हजरत आदम (अ.) यांनी पश्चात्ताप केला आणि अल्लाहने तो स्वीकारला (२:३७), ते पाप पुढच्या पिढ्यांवर लादले गेले नाही, कारण कोणी दुसऱ्याचे ओझे वाहत नाही (६:१६४). तौबेचे दार उघडे असता प्रायश्चित्तासाठी ईश्वराने मनुष्य होण्याची गरज उरत नाही.

आपली जबाबदारी

ग्रंथधारकांशी उत्तम रीतीनेच चर्चा करा, ही कुरआनची आज्ञा आहे (२९:४६). हजरत जाफर (रजि.) यांनी हबशाच्या ख्रिस्ती राजासमोर सूरह मरियम वाचली, तेव्हा राजा रडला. नजरानचे ख्रिस्ती प्रतिनिधी मदीनेत आले असता त्यांना मशिदीत त्यांची प्रार्थना करू दिली गेली, अशी नोंद सीरतच्या ग्रंथांत आहे. मतभेद स्पष्टपणे मांडले गेले, तरी पाहुणचारात उणेपणा आला नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या स्वतःसाठी. मरियमपुत्राविषयी लोकांनी अतिशयोक्ती केली तशी माझ्याविषयी करू नका, मला अल्लाहचा दास व प्रेषित म्हणा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद सहीह बुखारीत आहे. प्रेमाच्या भरात दासाला त्याच्या मर्यादेपलीकडे नेण्याची चूक कोणत्याही समाजाकडून होऊ शकते. आपण बुजुर्गांकडे काय मागतो, कोणाच्या नावाने नवस बोलतो, हेही याच कसोटीवर तपासावे.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाने विचारले, तर त्याला जवळ बसवा. सांगा, “बेटा, ते म्हणतात की अल्लाहचे वचन मनुष्य झाले, कारण तो आपल्यावर प्रेम करतो. आपण म्हणतो, अल्लाह आपल्यावर प्रेम करतो, म्हणूनच त्याने प्रेषित पाठविले; ईसा (अ.) त्यांतील एक थोर प्रेषित होते आणि त्यांच्यावर श्रद्धा ठेवल्याशिवाय आपला ईमान पूर्ण होत नाही.” मग त्याला सूरह मरियम अर्थासह वाचून दाखवा. अल्लाह आपल्याला सत्य जाणण्याची आणि न्यायाने सांगण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.