युद्धाचा निर्णय कोणाचा?

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात वाद पेटला. शाक्यांच्या सेनापतीला युद्ध हवे होते. परंतु ते पुकारण्याचा अधिकार त्याला एकट्याला नव्हता. त्याला संघापुढे ठराव मांडावा लागला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही पक्षांचे दोन-दोन प्रतिनिधी व त्यांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी वाद मिटवावा, असे त्याने सुचविले. मतदानात तो हरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात गृहत्यागाचे कारण याच प्रसंगात दाखविले आहे.

आपल्या संविधानात सैन्यदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असून त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होतो. युद्धापूर्वी संसदेची संमती घेण्याचे स्पष्ट बंधन नाही. युद्धाच्या कारणाने आणीबाणी जाहीर करावयाची झाल्यास मात्र १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनुसार मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो, आणि एका महिन्यात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मान्यता मिळावी लागते.

डिलाईल रोडच्या चाळींत मुलांना गृहत्याग सांगताना त्याआधीची ही सभाही सांगावी. सभा नेत्याला आवरू शकते. पण शाक्यसंघाप्रमाणे सभेनेच युद्धाच्या बाजूने कौल दिला, तर सिद्धार्थासारखे निर्भयपणे ‘नाही’ म्हणणारे सभासद तिथे असावे लागतात. ते घडविणे हे शाळेचे काम आहे.